परीक्षेला घाबरणाऱ्या भाचीसाठी कॉलेज शोधताना

बारावी सायन्सला असलेल्या पोराला आपल्याकडे भेटेल तो एकच विचारतो, सीईटीची (इंजिनिअरिंग-फार्मसीच्या प्रवेश परीक्षेची) तयारी कुठवर आली? माझ्या भाचीच्या पोटात तेवढ्यानेच गोळा यायचा. ती सटाण्याची. अकरावीपासून नाशिकला माझ्याकडे राहते. दहावीला चौसष्ट टक्के होते. अभ्यास करते, समजतंही, पण पहिल्या पाचात येणारी नाही आणि नापास होणारीही नाही. अशी पोरं वर्गात सगळ्यात जास्त असतात आणि त्यांच्याकडे लक्ष सगळ्यात कमी जातं.

घरी माझ्यासमोर बसून ती गणितं सोडवायची. तीच गणितं क्लासच्या टेस्टला आली की कोरी. टेस्ट रविवारी असायची आणि शनिवारी रात्रीपासून तिचं जेवण बंद. संध्याकाळी मार्क उतरत्या क्रमाने ग्रुपवर यायचे. तिचं नाव शोधायला बरंच खाली जावं लागायचं. नातेवाइकांचे सल्ले ठरलेले: मन घट्ट कर, नाहीतर एक वर्ष ड्रॉप घे. जिला एका परीक्षेची इतकी धास्ती, तिला त्याच परीक्षेसाठी आणखी वर्षभर बसवायचं हे मला काही पटत नव्हतं.

अकरावीचे पेपर कॉलेजमध्ये बघायला मिळतात. मी ते एकूण मार्कांसाठी नाही, पानं बघण्यासाठी पाहिले. फिजिक्सच्या पेपरचं पहिलं पान म्हणजे नुसती खाडाखोड. पेन इतकं दाबलेलं की मागच्या बाजूने अक्षर हाताला लागत होतं. दुसऱ्या पानावरही तेच. तिसऱ्या पानाच्या मध्यापासून मात्र अक्षर सरळ झालं, आकृत्या नीट, पायऱ्या बरोबर. आणि शेवटचे दोन प्रश्न वेळ संपला म्हणून सुटलेले. म्हणजे मुलीला येत नव्हतं असं नाही, पहिली वीस-पंचवीस मिनिटं भीती खात होती. प्रॅक्टिकलला तीसपैकी सत्तावीस होते, कारण तिथे हाताला काम असतं आणि सर समोरासमोर विचारतात.

त्यानंतर आम्ही समुपदेशकांकडे गेलो. त्यांनी आधी झोप, चहा, पाळी, घरातलं वातावरण असं सगळं विचारलं. अध्ययन अक्षमता आहे का तेही तपासलं, कारण तसं असेल तर रीतसर प्रमाणपत्रावर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. तिला ते नव्हतं. मग त्यांनी जे समजावलं ते आम्हा दोघींच्याही डोक्यात बसलं. गणित सोडवताना आकडे, सूत्र, पुढची पायरी हे सगळं माणूस थोडा वेळ डोक्यात धरून ठेवतो. ती जागा मुळात कमी असते. ‘नापास झाले तर’ हा विचार तीच जागा अडवतो, म्हणून येत असलेलंही आठवत नाही. शिकागो विद्यापीठातल्या रामिरेझ आणि बायलॉक या संशोधकांनी २०११ मध्ये यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, तो त्यांनी सांगितला. परीक्षेच्या अगदी आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवणाऱ्या घाबरट मुलांचे मार्क सुधारले होते. भाचीने ते लगेच उचललं. काय लिहायची ते मी कधी वाचलं नाही, ती कागद फाडून टाकायची.

दुसरं काम सरावाचं. घड्याळ लावून आधी घरच्या टेबलावर, मग जवळच्या अभ्यासिकेत अनोळखी मुलांमध्ये, आणि शेवटी क्लासमध्ये. बोर्डाच्या पेपरचा आराखडाही आम्ही नीट पाहिला. फिजिक्स-केमिस्ट्रीची लेखी सत्तर मार्कांची. त्यात दोन मार्कांचे बारापैकी आठ, तीन मार्कांचे बारापैकी आठ, चार मार्कांचे पाचपैकी तीन प्रश्न सोडवायचे. इतके पर्याय असताना पहिल्याच प्रश्नाला अडून बसायचं कारणच नाही. बहुपर्यायी प्रश्नांना तर पहिलं लिहिलेलं उत्तरच धरतात, खाडाखोड चालत नाही. तेव्हा हात थरथरत असताना ते सोडवायचेच नाहीत असं ठरलं. सुरुवात दोन मार्कांच्या येणाऱ्या प्रश्नापासून, हात स्थिर झाला की मागे येऊन बहुपर्यायी.

भीती पूर्ण जाईल तेव्हा जाईल. कॉलेज मात्र एका पेपरवर टांगून ठेवायचं नाही, हे मी दिवाळीतच ठरवलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आम्ही दोघींनी अभ्यासक्रम मांडले आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहिली: इथे प्रवेश कशावर मिळतो? इंजिनिअरिंगच्या डिग्रीला सीईटीचे पर्सेंटाइल, बारावीला फक्त किमान टक्के लागतात, खुल्या गटाला पंचेचाळीस आणि राखीवला चाळीस. बी. फार्मसीलाही सीईटी. बीबीए-बीसीएला पूर्वी काही नव्हतं, २०२४ पासून तिथेही सीईटी आली. बी. एस्सी.ला बारावीचे मार्क. आणि एक वाट अशी, जी आमच्या घरात कुणाला माहीतच नव्हती: बारावी सायन्सनंतर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. त्याला सीईटी नाही. दोन वर्षांनी डिप्लोमा झाला की त्याच्या मार्कांवर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तिथेही सीईटी नाही. सरळ गेलं तर चार वर्षं, या वाटेने पाच.

या पाचव्या वर्षावरून घरात बरंच झालं. दाजींचा कांदा त्या साली मातीमोल गेलेला. ते म्हणाले, “एक वर्ष वाया घालवायचं म्हणजे माझ्या डोक्यावर एक वर्ष जास्त.” त्यांचं चूक नव्हतं. मी त्यांना एवढंच सांगितलं, “दाजी, ड्रॉप घेतला तरी वर्ष जातंच, आणि हातात काही येत नाही. इथे निदान डिप्लोमा येतो.” ताई गप्प होती. मग म्हणाली, “पोरीला विचारलं का कुणी?”

पोरीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, आधी बघू तरी. म्हणून आम्ही फिरलो. कॉलेज रोडला आरवायके कॉलेज, गंगापूर रोडला केटीएचएम कॉलेज, नाशिकरोडला सामनगावचं शासकीय तंत्रनिकेतन, म्हणजे सरकारी पॉलिटेक्निक. प्रत्येक ठिकाणी आमचा प्रश्न एकच: वर्षाअखेरच्या लेखी पेपरला किती आणि बाकी कशाला किती? पॉलिटेक्निकच्या नव्या अभ्यासक्रमात बहुतेक लेखी विषयांना सत्तर मार्क सत्र परीक्षेचे, तीस मधल्या चाचण्यांचे, आणि प्रॅक्टिकलचे वेगळे. हे ऐकून तिने पहिल्यांदा स्वतः एक प्रश्न विचारला, “सर, प्रॅक्टिकल रोज असतं का?” मला तेवढं पुरेसं होतं.

कागदपत्रांचं काम मी हिवाळ्यातच उरकायला लावलं. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमीलेअर. निकालानंतर सेतूत रांगा लागतात, आणि घाबरणाऱ्या मुलाला तो धावपळीचा ताण फार बाधतो. मुलगी असेल तर आणखी एक माहिती ठेवा: २०२४-२५ पासून कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक डिग्रीला जाणाऱ्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) गटातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. दाजींची पाचव्या वर्षाची काळजी या एका गोष्टीने निम्मी झाली.

बोर्डाच्या पहिल्या पेपरला ती केंद्राबाहेर ओकली. पण आत गेल्यावर ठरल्याप्रमाणे सुरुवात केली आणि पेपर पूर्ण सोडवून आली. सीईटी द्यायला लावलीच, पण तिच्यावर काही अवलंबून नाही हे तिला माहीत होतं. दीडशे प्रश्न, तीन तास, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नको एवढंच सांगितलं. पर्सेंटाइल बेताचेच आले. ते बघून ती रडली नाही, जेवून झोपली. बारावीला एकसष्ट टक्के पडले, त्यात प्रॅक्टिकलने चांगला हात दिला.

डिप्लोमाचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंती क्रमाने लिहायचा फॉर्म, भरताना मात्र घाई केली नाही. मागच्या वर्षीचे कटऑफ समोर ठेवले, आणि ज्या कॉलेजात मिळालं तर खरंच जायचं तीच नावं वर घातली, कारण पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो पक्का धरतात, नको म्हणून पुढच्या फेरीची वाट बघता येत नाही. सामनगावला नंबर लागला नाही, कटऑफ वरचा होता. नाशिकमध्येच दुसऱ्या पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स मिळालं.

पहिलं सत्र तिला जड गेलं, कारण बाकीच्यांचं एक वर्ष तिथेच झालेलं असतं आणि ड्रॉइंगसारख्या गोष्टी आपल्या आपण भरून काढाव्या लागतात. मधल्या चाचणीच्या दिवशी अजूनही सकाळी नीट खात नाही, डब्यात केळं देते. घरात माझं टेबल आता सोल्डरिंगच्या वासाचं झालंय. पुढच्या महिन्यात सत्र परीक्षा आहे. केंद्रावर सोडायला येऊ का विचारलं, तर म्हणाली, “मावशी, नको. सिटीलिंकच्या बसने जाते. तू आलीस की मला बोलावं लागतं, आणि मला ती दहा मिनिटं लिहायला हवीत.”