शिबिराची वही आणि मुलाखतीची तयारी

पदवीच्या शेवटच्या वर्षी माझ्यापुढे दोन कामे एकाच वेळी उभी राहिली. एकीकडे नोकरीची तयारी होती, म्हणजे रिझ्युमे, ॲप्टिट्यूड चाचणी, गटचर्चा आणि मुलाखती; दुसरीकडे विद्यार्थी सेवा समितीचे रक्तदान शिबिर होते आणि त्याच्या नियोजनाची जबाबदारी मी आदल्या वर्षीच स्वीकारली होती. यांपैकी एक काम सोडून दे, असा सल्ला मला जवळजवळ सर्वांनी दिला, आणि कोणते सोडावे याबद्दल सल्ला देणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात शंका नव्हती. मी दोन्ही कामे ठेवली. त्यामागे काही मोठे तत्त्व नव्हते; अंगावर घेतलेले काम अर्ध्यावर टाकणे मला जमत नाही, एवढेच. परंतु पुढच्या काही महिन्यांत या दोन कामांचा एकमेकांशी जो संबंध जुळत गेला, तो शेवटच्या वर्षाच्या इतर विद्यार्थ्यांनाही उपयोगी पडू शकेल, म्हणून तपशिलात लिहीत आहे.

ॲप्टिट्यूड चाचणीविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. घड्याळ लावून सराव करावा, चुकलेली उदाहरणे पुन्हा सोडवावीत, आणि ज्या उदाहरणात अडकायला होते ते सोडून पुढे जाण्याची सवय लावावी. याहून अधिक काही मी केले नाही. रिझ्युमेचे मात्र तसे झाले नाही. आमच्या करिअर मार्गदर्शन कक्षाच्या सरांनी माझा पहिला मसुदा वाचला आणि ‘रक्तदान शिबिर संयोजन समितीची सक्रिय सदस्य’ या ओळीवर बोट ठेवून विचारले, “यात तुम्ही स्वतः नेमके काय केले?” ओळीत त्याचे उत्तर नव्हते. अनेक कंपन्यांत अर्ज प्रथम संगणक-प्रणालीतून जातात, म्हणून चौकटी आणि चित्रे टाळून साधी मांडणी ठेवावी, जाहिरातीतील जे कौशल्य आपल्याकडे खरोखर आहे त्याचा उल्लेख त्याच शब्दांत करावा, हेही त्यांनी सांगितले. पण त्यांचा खरा आग्रह एकच होता की, प्रत्येक ओळीत कृती आणि तिचा परिणाम दिसला पाहिजे. त्या वेळी शिबिर अजून व्हायचे होते. त्यामुळे मला एक सोय लाभली: पुढे जे काही करायचे होते, ते करतानाच मी लिहून ठेवू शकत होते.

शिबिराची पहिली चर्चा तारखेवरून झाली. १४ जून हा जागतिक रक्तदाता दिन आहे. रक्तगटांचा शोध लावणारे कार्ल लँडस्टायनर यांचा तो जन्मदिवस असून २००४ पासून तो जगभर पाळला जातो. समितीतील काहींना तीच तारीख हवी होती, परंतु त्या काळात आमचे आवार जवळजवळ रिकामे असते, आणि दाते नसतील तर दिन साजरा करून उपयोग काय, हे सर्वांना लगेच पटले. खरा वाद दुसराच होता. एकाच दिवशी फार मोठे शिबिर भरवून महाविद्यालयाचा विक्रम करावा, अशी एका गटाची इच्छा होती. आम्ही रक्तपेढीच्या अधिकाऱ्यांना बैठकीला बोलावले, तेव्हा त्यांनी शांतपणे साठवणुकीचे गणित मांडले. लाल पेशी शीतपेटीत ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लाझ्मा गोठवून पुष्कळ महिने ठेवता येतो, परंतु प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी, २० ते २४ अंश सेल्सियस तापमानाला सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि सर्वसाधारणपणे पाचच दिवस वापरता येतात. म्हणजे एका दिवशी गरजेपेक्षा अधिक रक्त मिळाले तर त्यातील प्लेटलेटचा काही भाग वाया जाण्याची शक्यता वाढते. शिवाय एकदा संपूर्ण रक्त दिलेला दाता किमान आठ आठवडे, आणि अनेक देशांत त्याहून अधिक काळ, पुन्हा रक्त देऊ शकत नाही. मोठ्या शिबिरानंतर आवारातील बहुतेक इच्छुक दाते त्या काळापुरते संपलेले असतात. दोन लहान शिबिरे घ्यावीत असे ठरले. विक्रमाचा आग्रह धरणारा मित्र काही दिवस नाराज होता, आणि त्याची नाराजी मी समजू शकते, कारण विक्रमाची बातमी होते, न वाया गेलेल्या प्लेटलेटची होत नाही.

दुसरा प्रश्न रांगेचा होता. आदल्या वर्षीच्या स्वयंसेवकांनी एका वहीत टोकन क्रमांकासमोर नोंदणीची, तपासणीची आणि रक्तदान सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवली होती. ती का लिहिली होती हे त्यांनाही नीट सांगता आले नाही, पण माझ्यासाठी ती वही मोलाची ठरली. माझा विषय संख्याशास्त्र आहे. रांगांच्या अभ्यासात एक अतिशय साधा नियम आहे, ज्याची सिद्धता जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केली: व्यवस्था स्थिर चालली असेल तर तिच्यात सरासरी असणाऱ्या माणसांची संख्या ही माणसे येण्याचा दर आणि प्रत्येकाला लागणारा सरासरी वेळ यांच्या गुणाकाराइतकी असते. तासाला तीस दाते येत असतील आणि प्रत्येक जण सभागृहात तासभर राहत असेल, तर कोणत्याही क्षणी तेथे सुमारे तीस माणसे असणारच, मग खुर्च्या कितीही हलवल्या तरी. प्रत्यक्ष रक्त काढायला आठ ते दहा मिनिटे लागतात, हात पुसण्यापासून खाट रिकामी होईपर्यंत पंधरा मिनिटे धरली तरी एका खाटेवर तासाला चार दाते होतात. वहीतील वेळा या हिशेबाशी ताडून पाहिल्यावर दिसले की, दारात रांग लागलेली असताना आत खाटा रिकाम्या होत्या. अडत होते ते हिमोग्लोबिनच्या तपासणीपाशी. त्यामुळे खाटा वाढवण्याची जी मागणी समितीपुढे होती ती आम्ही मागे घेतली, रक्तपेढीला तपासणीचे दुसरे टेबल लावण्याची विनंती केली, आणि दात्यांना अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा वाटून दिल्या. सुमारे तासाभराची प्रतीक्षा वीस-पंचवीस मिनिटांवर आली. नवीन वहीतही आम्ही फक्त टोकन आणि वेळ लिहिली, नाव लिहिले नाही. कोणाला का नाकारले गेले ही त्या व्यक्तीची खासगी वैद्यकीय बाब आहे आणि ती स्वयंसेवकांच्या वहीत असण्याचे काही कारण नाही.

या वहीतून रिझ्युमेच्या ओळी आपोआप तयार झाल्या, असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. प्रत्यक्षात त्या लिहायला बराच वेळ लागला, कारण समितीचे काम कधीच एकट्याचे नसते आणि त्यातील आपला वाटा वेगळा काढून दाखवताना संकोच वाटतो. शेवटी मी दोनच ओळी ठेवल्या: जुन्या नोंदींच्या आधारे अडथळ्याची जागा शोधून वेळापत्रक तयार केले, त्यामुळे प्रतीक्षा इतकी कमी झाली, आणि रक्तपेढीशी समन्वय साधून शिबिराची विभागणी करण्याचा प्रस्ताव मांडला. सर्व श्रेय यात माझ्याकडे येत नाही, आणि जेवढे आले आहे तेवढे मला समोरच्याच्या प्रश्नांपुढे टिकवून दाखवता येत होते.

सराव मुलाखतींसाठी आम्ही वर्गातील काही जणांनी मिळून गट केला. सुरुवातीला कोणीही काहीही विचारत असे आणि शेवटी “छान झाली” असे म्हणून सगळे उठत असत. त्याचा उपयोग होत नव्हता. मुलाखतींवरील संशोधन वाचल्यावर आम्ही पद्धत बदलली. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये उमेदवार निवडण्याच्या पद्धतींवरील ८५ वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. प्रत्येकाला तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत ही मनात येईल तसे विचारण्यापेक्षा उमेदवाराच्या पुढील कामाचा अंदाज अधिक चांगला देते, असे त्यात दिसले. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक पद्धतीचा अंदाज किती बरोबर ठरतो याचे आकडे पुन्हा तपासले तेव्हा बहुतेक आकडे खाली आले, परंतु अशी ठरीव मुलाखत सर्वांत वरच्या स्थानावर पोहोचली. तेव्हा आम्हीही प्रश्नांची एक यादी केली, प्रत्येक उत्तराला परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम या चार अंगांनी गुण देऊ लागलो, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकाने फक्त वेळ पाहायची असे ठरवले. बहुतेकांचे निम्मे उत्तर परिस्थिती सांगण्यातच संपते आणि कृतीला दोन वाक्ये उरतात, हे या गुणांमुळे कागदावर दिसले.

आवारातील भाषण मंडळाच्या सभांनाही मी जात असे. तेथे पाच ते सात मिनिटांचे भाषण असते. पाच मिनिटांना हिरवा, सहाला पिवळा आणि सातला लाल दिवा लागतो. लाल दिव्याची भीती मनात बसली की प्रस्तावना आपोआप आखूड होते. गटचर्चेबद्दल माझे मत आजही फारसे चांगले नाही. तेथे मोठ्याने बोलणारा पुढे जातो असा माझा समज आहे, आणि सराव करूनही मला त्यात गती आली नाही.

करिअर मेळाव्यातून मला काही मिळाले नाही. प्रत्येक टेबलावर गर्दी होती आणि माहितीपत्रकाबाहेरचे कोणी बोलत नव्हते. मिळाले ते शिबिराच्या विश्रांती कक्षात. रक्त दिल्यानंतर दात्याला दहा-पंधरा मिनिटे बसवून ठेवतात, आणि पहिल्यांदाच रक्त देणाऱ्या तरुणांना घेरी येण्याचा संभव अधिक असल्याने त्यांच्याजवळ एक स्वयंसेवक बसतो. ते काम माझ्याकडे होते. तेथे ग्रंथालयातील कर्मचारी भेटले, इतर विभागांचे विद्यार्थी भेटले आणि महाविद्यालयाच्या काही माजी विद्यार्थिनीही भेटल्या. त्यांपैकी एक ताई विदा-विश्लेषणाच्या (डेटा ॲनालिसिसच्या) क्षेत्रात काम करत होत्या. मी त्यांच्याकडे नोकरी मागितली नाही. नंतर पत्र लिहून फक्त वीस मिनिटांचा वेळ मागितला आणि त्या पदावरचा दिवस प्रत्यक्षात कसा असतो, नवख्याला सर्वांत अवघड काय जाते, एवढेच विचारले. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी केवळ १६.७ टक्के लोक त्या ओळखीच्या व्यक्तीला वारंवार भेटत होते, ५५.६ टक्के अधूनमधून, तर २७.८ टक्के क्वचितच भेटत होते. याचे कारण सरळ आहे: जवळच्या मित्रांना जे माहीत असते ते आपल्यालाही माहीत असतेच. लिंक्डइनवरील सुमारे दोन कोटी लोकांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगानेही मध्यम प्रतीच्या सैल ओळखी सर्वाधिक उपयोगी ठरतात असे दाखवले. ताईंनी सांगितलेल्या गोष्टींपैकी एक मी लगेच अमलात आणली. आलेख काढण्यापेक्षा अस्वच्छ नोंदी नीट करण्यातच अधिक वेळ जातो, असे त्या म्हणाल्या होत्या. म्हणून मी शिबिराच्या दोन्ही वह्यांतील वेळा संगणकावर उतरवल्या, गाळलेल्या आणि उलटसुलट नोंदींचे काय केले ते टिपून ठेवले, आणि तो छोटा प्रकल्प रिझ्युमेला जोडला.

ज्या कंपनीत पुढे माझी निवड झाली तेथील मुलाखतीत तांत्रिक प्रश्न अपेक्षेप्रमाणेच होते. शिबिरावरचे प्रश्न मात्र बरेच खोल गेले. अडथळा तपासणीपाशी आहे हे कशावरून ठरवले, हे मी कागदावर आकृती काढून सांगितले. मग दुसऱ्या मुलाखतकार बाईंनी विचारले, “दोन शिबिरांचे मिळून रक्त एका मोठ्या शिबिरापेक्षा कमी भरले असते तर?” मी म्हटले की, किती पिशव्या भरल्या याहून किती वापरल्या गेल्या हे माप मी योग्य मानते, परंतु वाया गेलेल्या पिशव्यांचे आकडे रक्तपेढीकडे असतात, ते आमच्यापाशी नाहीत, त्यामुळे आमचा निर्णय यशस्वी झाला असा दावा मी करू शकत नाही; तो उपलब्ध माहितीवर वाजवी होता, इतकेच म्हणू शकते. त्यावर त्यांनी ते आकडे कसे मिळवाल, ते मागताना कोणती अडचण येईल, आणि दोन वर्षांची तुलना करताना दात्यांच्या संख्येतील फरक कसा हाताळाल, असे विचारले. मुलाखतीचा बराचसा वेळ यातच गेला. त्या आधीच्या एका कंपनीच्या मुलाखतीत याच ओळींकडे कोणी पाहिलेही नव्हते आणि तेथे माझी निवड झाली नव्हती, हेही येथे नोंदवले पाहिजे. शिबिर केले म्हणून नोकरी मिळते असा अर्थ कोणी काढू नये.

दुसरे शिबिर निवडीनंतर झाले आणि त्याचे नियोजन धाकट्या वर्गातील मुलांनी केले. त्यांनी माझ्या वेळापत्रकात बदल करून प्रत्येक तासात काही जागा आधी वेळ न ठरवता थेट येणाऱ्यांसाठी मोकळ्या ठेवल्या आहेत. वर्ग सुटल्यावर मित्राबरोबर सहज येणारा दाता यामुळे परत जात नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. वहीतील वेळा पाहता दुपारच्या सुट्टीत त्यामुळे रांग पुन्हा वाढलेली दिसते, आणि मोकळ्या जागा सकाळी ठेवाव्यात असे माझे मत मी त्यांना कळवले आहे. त्यांना ते अद्याप मान्य नाही.