दाखला कुठून आणता?

रविवारची भक्ती संपली की आमच्या चर्चच्या अंगणात चहा असतो. कपबशी सांभाळत कोणीतरी जवळ येतं आणि विचारतं, "पाळकसाहेब, दर आठवड्याला तुम्हाला या गोष्टी सुचतात तरी कुठून?" तरुण प्रचारक जरा वेगळं विचारतात, "सर, दाखल्यांचं कुठलं पुस्तक वापरता?" नागपुरात उपदेश करायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. इतकी वर्षं चहा संपायच्या आत काहीतरी गुळमुळीत बोलून मी निसटत आलो. परवा मात्र शब्बाथशाळेच्या बाईंनी वाट अडवली. म्हणाल्या, "प्रभू सुचवतो, हे उत्तर नको. नीट सांगा." तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

आधी 'दाखला' या शब्दाबद्दल. पुस्तकात दृष्टांत म्हणतात, पण आमच्या घरांत उधळ्या पुत्राचा दाखला, पेरणाऱ्याचा दाखला असंच म्हणायची रीत. चर्चच्या फाटकाबाहेर पडलं की दाखला म्हणजे जातीचा, उत्पन्नाचा, नाहीतर रहिवासाचा. माझ्या मते दोन्ही एकच. दाखला अर्जाला जोडायचा असतो. अर्ज घरी विसरून नुसते दाखले घेऊन सेतू केंद्रात गेलात, तर खिडकीतला माणूस विचारेल, "हे ठीक आहे, पण तुम्हाला पाहिजे काय?" माझे पहिल्या पाच-सात वर्षांतले उपदेश असेच होते. सहा दाखले, वर फोटो, शिक्के, सगळं. अर्ज कुठे नाही. लोकांना गोष्टी आठवायच्या, वचन कुठलं होतं ते विचारलं की एकमेकांकडे बघायचे.

शिवाय ते दाखले दुसऱ्याच्या नावाचे. सेमिनरीतून निघताना मी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आलो होतो. त्यात विषयवार गोष्टी: विश्वास, आशा, क्षमा. एकदा भर मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस अंश, आत दोन कूलरची घरघर, आणि मी व्यासपीठावरून बर्फात वाट चुकलेल्या वाटसरूची गोष्ट सांगतोय. दाराशी एका आजोबांनी हात हातात घेतला आणि म्हणाले, "बर्फाची सांगितली ते बरं केलं. जरा गार वाटलं." ते चेष्टा करत होते की खरंच म्हणत होते, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

गरुडाचं प्रकरण त्याहून वाईट. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायाच्या शेवटी परमेश्वराची आशा धरणारे गरुडासारखे पंखांनी वर उडतील, असं वचन आहे. त्याला जोडून एक गोष्ट फोनवर फिरत असते, तुम्हालाही आली असेल. चाळिशीला गरुडाची चोच वाकते, मग तो डोंगरावर जाऊन खडकावर चोच आपटून तोडतो, नवी यायची वाट बघतो, नख्या उपटतो, पिसं उपटतो, आणि पाच महिन्यांनी नवा होऊन आणखी तीस वर्षं जगतो. मी ती रंगवून सांगितली. भक्तीनंतर प्राणिशास्त्रात बीएस्सी करणारा एक मुलगा अगदी अदबीनं म्हणाला, "सर, पाच महिने तो खाणार काय?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर नव्हतंच. चोच आपल्या नखांसारखी सतत वाढते आणि सतत झिजते. पिसं एकेक करून गळतात आणि नवी येतात. चोच तुटलेला गरुड उपाशी मरेल, एवढंच. पुढच्या रविवारी मी व्यासपीठावरूनच सांगितलं की मागच्या आठवड्यातली गोष्ट खोटी होती. मंडळीचे एक वडील, म्हणजे पंचांपैकी एक, रागावले. गोष्ट खोटी असली तरी बोध खरा होता ना, मग एवढं जाहीर करायची काय गरज? मला हे पटत नाही. तपासता येण्याजोग्या गरुडाबद्दल मी खोटं बोललो, तर ज्याची तपासणी करता येत नाही त्या येशूच्या रिकाम्या कबरेबद्दल लोकांनी माझं का ऐकावं?

सुईच्या नाकाचंही तेच. श्रीमंतानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटानं सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणतो. जेरुसलेमला 'सुईचं नाक' नावाची एक बुटकी वेस होती, ओझं उतरवून गुडघ्यांवर बसलं की उंट तिच्यातून जायचा, असं मीही सांगत असे. अशी वेस होती याला काही पुरावा नाही. आणि असती तर शिष्य हादरून 'मग कोणाचं तारण होईल?' असं विचारते कशाला? उंटाला जाता येतच नाही, म्हणून तर ते हादरले. आपली गोष्ट तो उंट हळूच पलीकडे काढून देते आणि श्रीमंत माणूस सुखानं घरी जेवायला जातो.

बरं, मग पुस्तक नाही तर काय? कान. याला नागपूरचा जुना दाखला आहे. ज्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ सालापासून इथं उभं आहे, ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते, उपदेश करायला आले होते. पण त्यांनी गोंडांच्या कथाही ऐकून, टिपून ठेवल्या. १८६३ साली ते बुडून वारले. पुढं १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद छापले, त्यांत लिंगोची गोंडी कथा आहे. सांगायला आलेला माणूस आधी ऐकत बसला, याचं मला फार अप्रूप वाटतं. आम्ही बहुतेक जण ऐकतानाही मनात पुढचं वाक्य जुळवत असतो.

माझा कान उघडला तो संत्र्यामुळे. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल कलमाची उपमा देतो: रानटी जैतुनाची फांदी चांगल्या जैतुनावर बसवली, म्हणजे यहूदी नसलेल्यांना देवानं आपल्या लोकांत घेतलं. जैतुनाचं झाड आमच्या मंडळीत कोणी पाहिलेलं नाही, म्हणून मी हुशारी करून तिथं संत्रं घातलं. काटोलकडे बाग असलेल्या एका काकांनी चहाच्या वेळी मला धरलं. "उलटं सांगितलं तुमी."

मग त्यांनी समजावलं. संत्र्याला खुंट जंबेरीचा. काटेरी, आंबट, पण मुळानं चिवट. त्याच्यावर गोड संत्र्याचा डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब, भरायचा. मूळ रानटी, फळ वरच्या डोळ्याचं. "चांगल्या झाडावर रानटी फांदी बांधाले कोन येडा जाईल? फळ रानटीच येईन ना."

घरी येऊन मी तो अध्याय पुन्हा काढला. चोविसाव्या वचनात पौल स्वतःच म्हणतो की हे निसर्गाच्या विरुद्ध झालं. इतक्या वेळा वाचलं, इतक्यांदा त्यावर बोललो, आणि तो शब्द माझ्या डोळ्यांखालून नुसता घसरत गेला होता. काकांची तक्रार पौलाला आधीच ठाऊक होती. कुठलाही बागाईतदार जे करणार नाही ते देवानं केलं, हेच तर त्याला सांगायचं होतं. त्यानंतरच्या रविवारी मी काकांनाच समोर बोलावलं. त्यांनी कुंडीत जंबेरीचं रोप आणलं होतं. पाजळलेल्या चाकूनं सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखा छेद घेतला, संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा सालीसकट अलगद सोलून आत सरकवला आणि प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट गुंडाळला. डोळा तेवढा उघडा ठेवला. दोन मिनिटं चर्चमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. मग मी फक्त ते वचन वाचलं आणि म्हटलं, पौल याच्या बरोब्बर उलट सांगतोय. त्या दिवशी अर्ज पुढे होता आणि दाखला त्याला टाचणीनं जोडलेला होता.

माझे आजोबा कीर्तनाचे शौकीन. ख्रिस्ती झाले तरी ती आवड सुटली नाही, आणि नारायण वामन टिळकांची पदं त्यांना पाठ. ते म्हणायचे, पूर्वरंगात अभंग घेतला, उत्तररंगात आख्यान कितीही रंगलं, तरी बुवाला शेवटी मूळ अभंगावर यावंच लागतं. न येणारा बुवा म्हणजे नुसता गोष्टीवेल्हाळ.

आता जे चहाच्या वेळी मी कधीच सांगितलं नाही ते.

बारा वर्षांपूर्वी मंडळीतल्या एका भगिनीचे यजमान वारले. मी भेटीला गेलो असताना बोलता बोलता त्या म्हणाल्या, ते रात्रपाळीहून उशिरा यायचे म्हणून दाराची कडी मी अर्धीच लावायची, म्हणजे त्यांनी बाहेरून हलवली की निघेल. अजून अर्धीच लावते. हात पुढे सरकतच नाही.

तीन आठवड्यांनी माझ्याकडे लूकचा पंधरावा अध्याय होता, उधळ्या पुत्राचा. मुलगा दूर असतानाच बापानं त्याला पाहिलं, म्हणजे बाप वाटेकडे डोळे लावून होता. माझ्या हाताशी ती कडी होती. "आपल्याच शहरात एक भगिनी आहे," अशी सुरुवात करून मी ती सांगितली. नाव घेतलं नाही. पण जेमतेम सव्वाशे घरांच्या मंडळीत रात्रपाळीचा नवरा नुकताच कोणाचा गेला, हे कोणाला ठाऊक नाही? बायका डोळे पुसत होत्या. माझा आवाजही भरून आला, आणि तो आलेला मला आवडला, हेही कबूल करतो. त्या तिसऱ्या बाकावर होत्या. पदर सारखा करत गीतांच्या पुस्तकात बघत होत्या, पण पान उलटत नव्हतं.

दाराशी त्यांनी नेहमीसारखा हात मिळवला. एवढंच म्हणाल्या, "ते मी तुम्हाला सांगितलं होतं."

पुढचे चार महिने त्या आल्या नाहीत. मी माफी मागायला गेलो. त्यांनी चहा केला, चिवडा ठेवला, मुलीच्या परीक्षेचं बोलल्या. माफीचा विषय मी काढला तेव्हा "असू द्या" म्हणाल्या. मी जिना उतरायला लागलो आणि मागं कडी लागल्याचा आवाज आला. पूर्ण.

त्या उपदेशाची लोक अजून आठवण काढतात. तुमचा सगळ्यात चांगला, म्हणतात. मी विषय बदलतो.

दुसऱ्याच्या नावाचा दाखला मी माझ्या अर्जाला जोडला होता, तोही न विचारता. आमच्या शास्त्रात गोष्ट सांगण्यात नाथान संदेष्ट्याचा हात धरणारा कोणी नाही. दावीद राजानं दुसऱ्याची बायको, बथशेबा, बळकावली होती. नाथानानं त्याच्याकडे जाऊन श्रीमंतानं हिसकावलेल्या एका गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली, राजा पेटला, तेव्हा म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. नाथानाला राजाची फजिती करायची असती तर बथशेबाची हकिकत नाव न घेता चौकात सांगता आली असती. त्यानं मेंढी रचली. ज्याला टोचायची त्याला टोचली, आणि जी आधीच जखमी होती तिला गोष्टीत ओढलं नाही. मला हे सुचायला वर्षभर लागलं.

तेव्हापासून विचारल्याशिवाय सांगत नाही. विचारणं अवघड जातं असं दिसलं, तर ती गोष्ट सांगण्याजोगी नाही असं समजतो. त्यामुळे माझ्या वहीत न सांगितलेल्या गोष्टी सांगितलेल्यांपेक्षा जास्त आहेत. तरुण प्रचारकांना ही वही पाहिजे असते. ती मिळणार नाही.

मागच्या महिन्यातलं सांगतो आणि थांबतो. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला करायचा होता. पहाटे, नऊला, बाराला, तीनला आणि संध्याकाळी पाचला मजूर लावले आणि सगळ्यांना सारखाच एकेक दिनार, म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी, दिला. या दाखल्यावर मंडळीत दर वेळी कुरकुर होते, विशेषतः पगारदार लोकांत. पाचला आलेले आळशी होते असं आम्ही मनातल्या मनात धरूनच चालतो. मग वाटलं, आपल्याकडे रोजंदारीच्या मजुरांचा ठिय्या आहे की. सकाळी आठला स्कूटर लावून उभा राहिलो. टेम्पो थांबला की गर्दी धावायची, फावडी आणि टोपली आधी आत पडायची, मग माणसं. नऊपर्यंत निम्मा ठिय्या रिकामा. साडेअकराला पुन्हा गेलो तेव्हा सात जण उरले होते: दोन बायका, बाकी पन्नाशीपुढचे. एकाच्या अंगठ्याला मळकी पट्टी. त्याच्याशेजारी फुटपाथवर बसलो, टपरीवरून चहा मागवला.

"आज काम नाही मिळालं का, भाऊ?"

"कोनं नेलंच नाई जी. जवान पोट्टे पटापट चढते. आमी राहतो मांगं."

पाच वाजता मालक विचारतो, तुम्ही दिवसभर इथं रिकामे का उभे राहिलात? आणि ते म्हणतात, कारण आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. शब्दाला शब्द. एवढ्या वर्षांत माझं लक्ष सगळं मालकावर आणि कुरकुर करणाऱ्यांवर. हे एक वाक्य मी नुसतं ओलांडून जात होतो.

त्यांना मी तो दाखला सांगितला, कुठला आहे ते न सांगता. एक मालक होता, असा असा. अंगठ्याला पट्टी बांधलेले भाऊ बशीतला चहा फुंकत ऐकत होते. पाचवाल्यांना पूर्ण रोजी मिळाली म्हटल्यावर त्यांनी बशी खाली ठेवली. "पुरी?" "पूर्ण." शेजारच्या बाईकडे बघून हसले.

मी विचारलं, "तुमचं बोलणं मी रविवारी आमच्या चर्चमध्ये सांगू का? नाव घेणार नाही."

"सांगा ना, मले काय," ते म्हणाले. "पन तो मालक कुठं भेटते जी? नंबर असन तं द्या."