टेबलाखाली काय लपतायत?

डेट्रॉइटच्या उत्तरेला एका हायस्कूलमध्ये मी बदली शिक्षिका आहे. कुणी रजा टाकली की पहाटे साडेपाचला फोनवर निरोप येतो. मग गणित असो की जिम, जायचं. टेबलावर एक कागद ठेवलेला असतो, तो सांगेल ते करायचं. 2024 च्या एप्रिलमध्ये समाजशास्त्राच्या वर्गातल्या कागदावर एवढंच होतं: फिल्म लावा, कॅफेटेरियाचा भाग झाला की थांबवा, मुलांना बोलू द्या. खाली पालकांच्या सह्यांचा गठ्ठा.

फिल्म होती मायकल मूरची 'बोलिंग फॉर कोलंबाइन'. कोलंबाइन शाळेतला गोळीबार आणि अमेरिकेतल्या बंदुका यांवरची डॉक्युमेंटरी, 2002 ची, ऑस्कर मिळालेली. पुण्यात असताना मी ती मैत्रिणींबरोबर पाहिली होती आणि सुरुवातीला चक्क हसले होते. मिशिगनमधली एक बँक खातं उघडणाऱ्याला रायफल देते, तिथून ती सुरू होते. काय एकेक नग आहेत, म्हटलं होतं. आता त्याच मिशिगनात माझं घर आहे, कर्जासकट.

वर्गातली मुलं पंधरा-सोळा वर्षांची, कोलंबाइन घडलं त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली. बँकेच्या प्रसंगाला कुणी हसलं नाही. एकाने फक्त "कुठलं मॉडेल आहे?" असं विचारलं.

मग तो भाग आला. 20 एप्रिल 1999, कोलोरॅडो. दोन विद्यार्थ्यांनी आपल्याच शाळेत बारा मुलं आणि एक शिक्षक मारले आणि मग स्वतःला संपवलं. पडद्यावर कॅफेटेरियातल्या कॅमेऱ्याचं धुरकट चित्रण आणि त्यावर पोलिसांना आलेल्या फोनचे आवाज. मुलं धडपडत टेबलांखाली शिरत होती. मी रिमोट हातात धरून पडद्याऐवजी वर्गाकडे बघत होते. कुणाला रडू आलं तर लगेच बंद करायचं, असं ठरवलं होतं.

रडलं कुणीच नाही. मागून आवाज आला, "हे टेबलाखाली काय लपतायत?"

"त्यांना ड्रिल नव्हतं ना," पुढची मुलगी मागे न बघताच म्हणाली.

"पण दारं दिसतायत की! पळायचं सरळ."

त्यात कुचेष्टा नव्हती. जुनी मॅच बघताना आपण 'अरे, पाय पुढे टाक' म्हणतो ना, त्या सुरात चाललं होतं सगळं. शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं, याचं ड्रिल ही मुलं बालवाडीपासून करत आलीत. दिवे बंद, फोन गप्प, दारातून दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसायचं. आमच्या वर्गात दाराशेजारी एक लाल पट्टी टांगलेली असते. ती दाराच्या तळाशी जमिनीतल्या खाचेत बसवली की बाहेरून कितीही ढकललं तरी दार उघडत नाही. पहिल्या ड्रिलला मला ती काही केल्या बसवता येईना. तेव्हा नववीतल्या एका पोराने "द्या इकडे, मिस" म्हणत दोन सेकंदात खट्‌कन बसवली होती.

फिल्म थांबवली. ऑक्सफर्ड हायस्कूलचा विषय निघणार हे दिसतच होतं, ते आमच्याच काउंटीत आहे. 2021 च्या नोव्हेंबरात तिथल्या पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थी मारले. पिस्तूल बापाने चारच दिवस आधी विकत घेतलेलं. आम्ही फिल्म बघत होतो त्याच आठवड्यात त्याच्या आई-बापांना सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली होती. अर्धा वर्ग म्हणे बरं झालं, अर्धा म्हणे आई-बापांना काय कळतं!

मी त्यांना कोकणातल्या काकांची ठासणीची बंदूक सांगितली. डुकरं शेतात घुसतात म्हणून तिचा परवाना. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची. भात पोटरीला आलेलं असताना निवडणूक आली की काका दिल्लीपासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करायचे. मुलांना खरंच वाटेना. "आणि लोक नेऊन देतात? आपल्या पायांनी?" एकाने विचारलं, "मग परत मिळते?"

एक मुलगी तोवर गप्प होती. ती म्हणाली, "आमच्या आजोबांकडे होती एक. त्यांनी ती स्वतःवरच चालवली."

वर्ग एकदम शांत झाला. फिल्ममध्ये पुढे मूर नदीपलीकडे कॅनडात जाऊन विचारतो, बंदुका तुमच्याकडेही आहेत, मग इतकी माणसं आमच्याकडेच का मरतात? त्याचा सगळा रोख भीतीवर: बातम्या घाबरवतात आणि घाबरलेला माणूस शस्त्र जवळ करतो. मला ते पटतं, पण अर्धंच. 2021 साली अमेरिकेत 48,830 माणसं गोळीने गेली आणि त्यातल्या 26 हजारांहून जास्त आत्महत्या होत्या. त्या आजोबांना काही चोराची भीती नव्हती. वाईट रात्र होती आणि खण उघडा होता. हे मी वर्गात बोलले नाही. तिला पाणी पिऊन ये म्हटलं आणि तास संपल्यावर समुपदेशक बाईंकडे घेऊन गेले.

दरम्यान एक उंच मुलगा म्हणाला, "आमच्याकडे असलं काही होणार नाही. सगळ्या तिजोरीत असतात. कोड माझा वाढदिवस आहे."

सगळे हसले. "म्हणजे तुला माहितीये!"

"बाबा विसरतात ना, म्हणून सोपा ठेवलाय." मग त्याचं त्यालाच कळलं असावं. कानापर्यंत लाल झाला.

घंटा झाल्यावर तो रेंगाळला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीपासून मिशिगनात नवा कायदा आला होता, घरात अल्पवयीन मूल असेल तर बंदूक कुलपात हवी, ते त्याला ठाऊक होतं. "पण बाबांना कसं सांगू? त्यांना वाटेल, मलाच काहीतरी झालंय." मी म्हटलं, बाईंनी फिल्म दाखवली, त्यावरून निघालं, असं सांग. माझं नाव घे हवं तर.

दोन आठवड्यांनी कॉरिडॉरमध्ये दिसला. लांबूनच अंगठा दाखवला.

"बदलला कोड, मिस! आता बहिणीचा वाढदिवस आहे."