उताराचा आठवडा

धुळवड झाली की पुण्याच्या टेकड्यांवर मनासारखं पळायला जेमतेम महिनाभर उरतो. पुढे सकाळी साडेसातलाच ऊन पाठीवर बसतं आणि पहाट सोडली तर पळण्याजोगी वेळच सापडत नाही. त्यामुळे या आठवड्याची मी जानेवारीपासून वाट बघत होते. दोन गोष्टी ठरवल्या होत्या. रोजच्या पळण्यात फक्त उतारावर काम करायचं, आणि रविवारच्या ट्रेल शर्यतीत, म्हणजे डोंगरवाटेवरच्या शर्यतीत, बिब (छातीवरचा स्पर्धक क्रमांक) न लावता स्वयंसेवक म्हणून उभं राहायचं.

चढ मला जमतो, अडचण उताराची आहे. गेल्या श्रावणात तळजाईवर ओल्या दगडावरून उजवा घोटा मुरगळला आणि सहा आठवडे पळणं बंद राहिलं. घोटा बरा झाला, भीती राहिली. उतार दिसला की अंग आपोआप मागे रेलतं, पाय ताठ होतात आणि टाच आधी टेकते. चढावर ज्यांना मी मागे टाकते तीच माणसं उतारावर शेजारून निघून जातात. डिसेंबरमध्ये सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा या लांब पल्ल्याच्या डोंगरी शर्यतीतले २५ किलोमीटर करायचे आहेत. हे दुखणं तिथवर घेऊन जायचं नाही.

सोमवारी विश्रांती घेतली. मंगळवारी पावणेसहाला पाषाणच्या पंचवटीच्या बाजूनं वेताळ टेकडीवर चढले. अंधार होता. हेडलॅम्पच्या उजेडात वाटेवरच दोन लालसर ठिपके चमकले, म्हणून थांबले. रातवा होता. वाळक्या पाल्याच्या रंगाचा हा पक्षी आपण दिसत नाही या भरवशावर अगदी पाय पडेपर्यंत हलत नाही, आणि मग पंखांचा जराही आवाज न करता उठतो. मी चार पावलांवर उभी होते. त्याच्या पाठीवरची काळी नक्षी, मिटत आलेले डोळे, सगळं दिसत होतं. रातवा घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालतो आणि त्याचा विणीचा हंगाम याच दिवसांत सुरू होतो. टेकडीवर पळणाऱ्या सगळ्यांना एवढंच सांगणं आहे की मळलेली वाट सोडून मधूनच आडव्या वाटा पाडू नका. दहा मीटर वाचतात, पण पायाखाली काय येईल ते सांगता येत नाही.

उजाडल्यावर खाणीजवळच्या मुरमाड उतारावर काम सुरू केलं. साधारण २०० मीटरचा तुकडा, आठ वेळा. वर चालत जायचं, खाली पळत यायचं. पहिल्या तीन वेळा फक्त पावलं आखूड ठेवली. पुढच्या तीनमध्ये नजर पायांवरून उचलून चार-पाच पावलं पुढे टाकली. शेवटच्या दोनमध्ये दोन्ही एकत्र. सातव्या वेळी काहीतरी जुळलं, आठव्या वेळी परत निसटलं. गिरिपुष्पाची झाडं सध्या पानं झडून फुलांनी भरलीत, लांबून टेकडीवर गुलाबी धूर पसरल्यासारखं वाटतं. दिसायला सुंदर, पण हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं, इथं लागवड करून आणलेलं. त्या पट्ट्यात पाखरांचा आवाज अगदी कमी होतो. पुढे एखादा जुना पळस लागला की लगेच कलकलाट. पळसाच्या प्रत्येक फांदीवर कुणी ना कुणी मध खायला बसलेलंच असतं.

बुधवारी मांड्या दुखायला लागल्या आणि गुरुवारी जिना उतरताना कठडा धरावा लागला. ज्यांनी नुकतंच ट्रेलवर पळायला सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी हे थोडं उलगडून सांगते. चढावर मांडीचा स्नायू आखडत ताकद लावतो. उतारावर तोच स्नायू लांबत असताना भार पेलतो, एका अर्थानं ब्रेकचं काम करतो. त्यात स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते. दुखणं लगेच येत नाही, एक ते तीन दिवसांत कळस गाठतं. चांगली गोष्ट अशी की स्नायू हा धडा पटकन शिकतो. एकदा असा मार बसला की पुढचे काही आठवडे तशाच उताराचं दुखणं बरंच कमी होतं. म्हणून शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा तरी जोरदार उतार पळून घ्यावा. शर्यतीच्या आठवड्यात मात्र अजिबात नाही. मला रविवारी पळायचं नव्हतं, म्हणून मी हे केलं. गुरुवारी कालव्याकाठी सपाटीवर सहा किलोमीटर, शुक्रवारी काहीच नाही.

शनिवारी मार्किंग, म्हणजे शर्यतीच्या वाटेवर खुणा करणं. सिंहगडाच्या दक्षिणेकडच्या डोंगररांगेत ही छोटी शर्यत असते, साधारण दोनशे पळणारे. आमच्याकडे चार किलोमीटरची डोंगरधार होती. लाल सुती फिती झाडांना बांधायच्या आणि जिथं झाड नाही तिथं दगडांवर फक्कीचे (पांढऱ्या भुकटीचे) बाण काढायचे. प्लास्टिकच्या फिती यंदा बंद केल्या, हे फार बरं झालं. मी छातीच्या उंचीवर फिती बांधत चालले होते. सोबत वाट दाखवायला गावातले एक दादा होते, ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, डोक्याच्या वर बांधा. शेरडं मागच्या पायांवर उभी ऱ्हात्यात."

बांधलेल्या अकरा फिती सोडून परत वर बांधल्या.

धारेवरचं गवत आता पूर्ण वाळलंय आणि कुसळांनी माझ्या मोज्यांची चाळण केली. कुसळी गवताचं बी नीट बघितलंय का कुणी? पुढे सुईसारखं टोक आणि त्यावर मागे वळलेले बारीक केस. त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. मागच्या बाजूला पीळ असलेली शेपटी. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळलं की परत बसतो आणि बी गोल फिरत जमिनीत शिरतं. घामानं ओल्या झालेल्या मोज्यातही तेच होतं. बाहेरून ओढलं तर अर्धं तुटून आत राहतं. मोजा उलटा करून आतल्या बाजूनं टोकाला धरून काढायचं. रविवारी निम्म्या लोकांना मी हेच सांगितलं. मार्च-एप्रिलमध्ये डोंगरात जाणार असाल तर गेटर (बुटावरून घोट्यापर्यंत चढवायचं कापडी आवरण) घ्याच.

असं वाळलं गवत म्हणजे वणव्याची भीती. एका ठिकाणी गावकऱ्यांनी आग पुढे सरकू नये म्हणून जाळरेषा काढली होती, दोन माणसं शेजारी चालतील एवढा पट्टा साफ केलेला. मार्ग त्याच पट्ट्यावरून वळवला होता. कड्याला आग्या मोहळं लटकलेली होती म्हणून त्या बाजूला ध्वनिक्षेपक, ड्रोन, शिट्ट्या सगळ्याला बंदी. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरल्यात. वास जुईच्या जवळचा, पण जरा कडक. मी दोनदा उगाचच तिथं थांबले.

रविवारी साडेतीनला उठलो. आमचं पाण्याचं ठिकाण अकराव्या किलोमीटरला, घसाऱ्याच्या, म्हणजे सुट्या खडीच्या निसरड्या उताराच्या, पायथ्याशी एका आंब्याखाली. पिकअप वरच्या खिंडीपर्यंतच येते. तिथून २० लिटरचे जार खांद्यावर घेऊन तो घसारा उतरायचा. गावातली चार मुलं हे काम करत होती, पायात साध्या चपला. मी पायथ्याशी बॅटरी धरून उभी होते आणि त्यांतल्या एकाच्या पायांकडे बघत राहिले. पाठ सरळ, गुडघे कायम थोडे वाकलेले. पाऊल हातभरसुद्धा पुढे पडत नव्हतं. खडी सरकली तर तो तिच्याबरोबर सरकायचा, थांबायचा प्रयत्न करत नव्हता. तो खाली पोचल्यावर मी विचारलं, हे कसं जमतं?

"गुडघा ताठ केला की जार गेला, ताई," तो म्हणाला आणि पुढचा जार आणायला वर निघून गेला.

मंगळवारभर मी नजर आणि पावलं यांच्यामागे लागले होते. गुडघ्याकडे बघितलंच नव्हतं.

पहिला पळणारा यायला अजून तासभर होता. केळी सोलली नाहीत, फक्त अर्धी केली. बटाटे आदल्या रात्रीच उकडून, जाड मीठ लावून आणले होते. इलेक्ट्रलचं (क्षार-साखरेच्या पावडरीचं) मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, म्हणजे एका जारला वीस पाकिटं. हे मोजून करायचं. अंदाजानं टाकलं तर एकतर पाणी मचूळ होतं आणि कुणी पीत नाही, किंवा इतकं पातळ होतं की त्याचा उपयोग होत नाही. उन्हात तासन्‌तास नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं आणि माणूस भोवंडतो. जास्त पाणी प्यायल्यानंही आजारी पडता येतं, हे अनेकांना पटत नाही. कागदी पेले ठेवले नव्हते, ज्यानं त्यानं आपली बाटली किंवा पेला आणायचा होता. दोनशे लोकांत फक्त सात जण विसरले, त्यांना आम्ही आमचे स्टीलचे ग्लास दिले.

आणि मग साडेतीन तास मी घसाऱ्याच्या तोंडाशी उभी राहून माणसं उतरताना पाहिली. इतकं शिकायला मला दहा शर्यती पळाव्या लागल्या असत्या. पहिल्या दहा-बारा जणांची पावलं ऐकू यायची नाहीत, फक्त खडीचा सरसर आवाज यायचा. हात बाजूला पसरलेले, कोपरातून सैल. मधल्या घोळक्यात धप धप आवाज सुरू झाला. हा टाचेचा आवाज. जे मागे रेलले होते त्यांचेच पाय निसटत होते, आणि निसटले की ते आणखी मागे रेलत होते. माझ्या डोळ्यांसमोर मीच पन्नास-साठ वेळा उतरत होते. एका मुलीला मी ओरडून सांगितलं, गुडघे मोकळे सोड! तिनं सोडले आणि शेवटचे वीस मीटर ती अक्षरशः वाहत आली. खाली आल्यावर तिनं माझा हात धरला, बोलली काहीच नाही, बाटली भरून पुढे गेली.

एका वळणावर फीत नव्हती आणि आठ-नऊ जण खालच्या ओढ्याकडे गेले. वीसेक मिनिटं वाया गेली त्यांची. ती फीत मीच बांधली होती, उंचावर. शेळीनं खाल्ली, वाऱ्यानं गेली की माझी गाठ सैल होती, कळायला मार्ग नाही. तिथल्या दगडावर बाण काढायला हवा होता. पुढच्या वेळी प्रत्येक वळणावर फीत आणि फक्की दोन्ही. त्या सगळ्यांची मी जागेवरच माफी मागितली.

साडेदहाचा कट-ऑफ होता, म्हणजे त्यानंतर आलेल्याला पुढे सोडायचं नाही. दहा सदतीसला एक ताई आल्या. चाळिशीच्या असतील, पहिलीच ट्रेल शर्यत. चेहरा लाल, पण चालणं ठीक होतं. त्यांनी विचारलं, "सातच मिनिटं झालीत ना हो, सोडा की." पुढे सहा किलोमीटर उघडी धार, एकही सावली नाही, आणि ऊन चढत होतं. मी नाही म्हणाले. त्या खाली बसल्या आणि बूट सोडता सोडता रडल्या. मी शेजारी बसले, बराच वेळ काही सुचलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी एक बटाटा खाल्ला, मग दुसरा. शेवटचे सहा-सात जण पोचले तेव्हा जार तिरका धरून त्यांच्या बाटल्या भरणाऱ्या त्याच होत्या. त्यांनाही पुढे सोडता आलं नाही. सगळे मिळून खिंडीपर्यंत चालत गेले आणि पिकअपमधून परतले. आजवर मी ज्या शर्यतींत पळले तिथल्या स्वयंसेवकांनी असे किती नकार दिले असतील, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

साडेअकराला कचरा पोत्यात भरून खिंडीत पोचवला. माझं काम एकच उरलं, घसाऱ्यावरच्या आणि पुढच्या धारेवरच्या फिती सोडवून आणायच्या. एक रिकामा जार खाली आंब्याकडे परत न्यायचा होता, तो मी मागून घेतला. उजव्या खांद्यावर जार, डाव्या हातात फितींची पिशवी. पहिल्या पावलाला पाय ताठ झाला आणि जार कानावर आदळला. गुडघे सोडले. पाठ आपोआप सरळ झाली, कारण जार दुसरं काही करूच देत नव्हता. खडी सरकली तशी मीही सरकले. थांबत, फिती सोडवत, पण एकदाही न बसता खाली आले. घोट्याची आठवण आली ती आंब्याखाली पोचल्यावर.

आठवड्याचा हिशेब असा: पळणं १५ किलोमीटर, शनिवार-रविवारचं चालणं धरून साधारण ३१. येत्या मंगळवारी परत खाणीजवळ, तोच तुकडा, आठ वेळा, या वेळी पाठीवरच्या पिशवीत दोन लिटर पाणी घेऊन.

फिती ४६ बांधल्या होत्या, ४१ परत मिळाल्या. धुऊन गॅलरीत वाळत घातल्यात.