रतनगड ते हरिश्चंद्रगड, सोबत मिसळणाचा डबा

जानेवारीत आम्ही पाच जण रतनवाडीहून निघालो. पहिली रात्र रतनगडाच्या गुहेत, दुसरी कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतला, तिसरी पाचनईवरून चढून हरिश्चंद्रगडावर. वाटांबद्दल भरपूर लिहून झालंय, ते मी पुन्हा लिहीत नाही. सॅकच्या वरच्या कप्प्यात असलेल्या पाव किलोच्या पिशवीबद्दल मात्र कोणी लिहीत नाही. तंबू, बूट, टॉर्च यांवर महिनाभर चर्चा होते आणि मसाले निघायच्या आदल्या रात्री साडेअकराला भरले जातात. आमचेही तसेच भरले होते.

रतनगडाच्या शिड्या चढून गुहेत पोचेतो अंधार पडला. बाहेर वारा, म्हणून गुहेच्या तोंडाशी चूल मांडली. चूल म्हणजे छोट्या सिलिंडरची गॅसची. हा सगळा भाग अभयारण्यात येतो, लाकडं पेटवायच्या फंदात पडू नका. पातळ अॅल्युमिनियमचं पातेलं, त्यात तेल, मोहरी, जिरं, हिंग. तिखट घालायला आणि वाऱ्याचा झोत थांबून आच एकदम वाढायला एकच गाठ पडली. तिखट काळं झालं आणि ठसका गुहेत आत शिरला. आत आधीच झोपलेले तीन-चार ट्रेकर खोकत बाहेर आले. त्यातल्या एका काकांनी फक्त एवढंच विचारलं, "पुण्याचे का?" आम्ही हो म्हणालो आणि खिचडी विचारली. त्यांनी ती नाकारली.

म्हणून पहिला सल्ला: फोडणी घरूनच करून न्या. आठ-दहा चमचे तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत तळायचा, पूर्ण गार करायचा आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत भरायचा. थंडीत तीन-चार दिवस आरामात टिकते. वर गेल्यावर खिचडीत, पिठल्यात, पोह्यांत नुसती चमच्यानं ओतायची. हळद-तिखट त्यात घालू नका, तळाशी बसतं. आणि ओला लसूण तेलात भरून उन्हात फिरवू नका, तब्येतीला धोक्याचं आहे. लसणाची हौस असेल तर सुकी लसूण-खोबऱ्याची चटणी न्या.

मसाला एकच न्यावा, तो गोडा. गरम मसाला, मालवणी, काळा असा सगळा दरबार नेण्यात अर्थ नाही. मालवणीला वाटप हवं, ते तिथे कोण करणार? गोडा मसाला आधीच भाजलेला असतो, तेलात परतला नाही तरी चालतं, नुसत्या उकळीवरही वास सुटतो. कांदा-लसूण मसालाही चांगला, पण त्यात बहुधा मीठ असतं, ते धरून वरचं मीठ कमी करा.

हिंगाची मात्र वेगळीच कथा. खडा हिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून चहा पावडरीशेजारी ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गडावरच्या टाक्याचं पाणी, दुधाची पावडर, साखर सगळं नीट. पहिला घोट घेतला तर कढी. हिंग पत्र्याच्या किंवा काचेच्या डबीत, आणि सॅकसुद्धा वेगळी.

त्याच सकाळी काकडीला मीठ लावलं आणि मिठाची पुडी गुहेतच राहिली. हे कळलं कुमशेतमध्ये, संध्याकाळी पिठल्याचं पाणी उकळत असताना. आम्ही ज्यांच्या पडवीत उतरलो होतो त्या मावशींकडे मीठ मागितलं. त्यांनी पसाभर खडेमीठ आणलं, पातेल्यात डोकावून पाहिलं, आणि काही न बोलता परत आत गेल्या. बाहेर आल्या त्या कागदात खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी घेऊन. काळपट, भरड, हाताला तेल सुटेल इतकी ताजी, लाल मिरची आणि लसूण घालून कुटलेली. पिठल्यात एक चिमूट टाकली आणि माझ्या पुण्याहून आणलेल्या सात पुड्या एकदम पोरकट वाटायला लागल्या. पैसे द्यायला गेलो तर म्हणाल्या, "मिठाचं कोणी घेतं का रं?" शेवटी त्यांच्याकडूनच तांदळाच्या भाकरी करून घेतल्या, त्याचे पैसे घेतले. या पट्ट्यात खुरासणी पिकते. हिवाळ्यात गेलात तर गावात विचारून चटणी विकत घ्या.

मीठ नेहमी दोन सॅकमध्ये, दोन पुड्यांत. अंदाज सांगतो: पाच जणांच्या खिचडीला अर्धा किलो तांदूळ आणि पाव किलो मूगडाळ, त्याला चार सपाट चहाचे चमचे मीठ. प्रत्येक जेवणाचं मीठ, हळद, तिखट, गोडा मसाला घरीच एका पुडीत एकत्र करून वर "खिचडी" किंवा "पिठलं" लिहिलं की अंधारात टॉर्च तोंडात धरून मोजामोजी करावी लागत नाही.

हरिश्चंद्रगडावर आम्ही कोकणकड्यावरून सूर्यास्त बघून उशिरा परतलो आणि मसुराची आमटी लावली. कुकर नव्हता. या उंचीवर पाणी साधारण 95 अंशांनाच उकळतं, डाळीला तसाही वेळ लागतो. त्यात मी शहाणपणानं आमसुलं सुरुवातीलाच टाकली. आंबटात डाळ शिजत नाही, हे आई हजारदा सांगते. आमसूल, चिंच, लिंबू काय असेल ते डाळ बोटानं दाबून मऊ लागल्यावरच घाला. तूरडाळ तर कुकरशिवाय नेऊच नका, मूग बरी.

पाऊण तास उकळूनही मसूर दाताखाली येतच राहिला, आणि गॅस संपत आला म्हणून तसाच वाढून घेतला. मावशींची चटणी थोडी उरली होती, ती पाच जणांत वाटली. कागदाला लागलेली कोणी पुसून घ्यायची यावरून थोडं भांडणही झालं.