मिथाइल सरकतो आणि आपण फसतो

रत्नागिरीत आज दिवसभर धो धो पाऊस, आणि इकडे यीस्टच्या टीआरएनएत (अमिनो आम्लं वाहून नेणाऱ्या आरएनएत) ६-मिथाइल अ‍ॅडेनोसिनचा पीक (आलेखातला उंचवटा), म्हणजे आरएनएच्या अ‍ॅडेनोसिन या घटकाच्या ६ क्रमांकाच्या नायट्रोजनवर मिथाइल गट! असा पीक दिसला की आधी संशयच घ्यावा: तो मूळचा नसून १-मिथाइल अ‍ॅडेनोसिनमधला मिथाइल प्रयोगात सरकून झालेला असू शकतो. टीआरएनएच्या साखळीत ५८व्या जागी टीआरएम६-टीआरएम६१ ही एंझाइमजोडी एस-अ‍ॅडेनोसिल मेथिओनिनकडून मिथाइल घेऊन तो अ‍ॅडेनिनच्या १ क्रमांकाच्या नायट्रोजनवर लावते. द्रावण अल्कधर्मी आणि वर ऊब, की अ‍ॅडेनिनचं कडं उघडतं, उलटं मिटतं आणि मिथाइल ६ वर जाऊन बसतो. वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर दोघंही २८२च. फरक रेणू वेगळे करणाऱ्या कॉलमवरच कळतो: १-मिथाइल लवकर उतरतो, ६-मिथाइल बराच उशिरा.

गुन्हेगार बहुधा टीआरएनएला चिकटलेलं अमिनो आम्ल सोडवायची पायरी: पीएच ९, ३७ अंश, तासभर. जमल्यास ती गाळाच. पचनाला (टीआरएनए सुट्या घटकांत तोडायला) आधी न्यूक्लिएज पी१ हे एंझाइम, पीएच ५.३ ला; फॉस्फेट काढणारं फॉस्फटेज नंतर आणि थोडाच वेळ. टीआरएनए टीई बफरात असेल तर त्यातला धातू पकडणारा ईडीटीए पी१ला लागणारं झिंक पळवतो, मग पचन अर्धवट. शुद्ध १-मिथाइल अ‍ॅडेनोसिन याच पायऱ्यांतून न्या. जेवढा ६-मिथाइल निघेल तेवढी आपली चूक.

आणि हो, या दमट हवेत फ्रीझरमधली या शुद्ध पावडरची कुपी गार असताना उघडू नका. आत दव धरतं.