आमची वाटचाल : पंखा का थांबला, हे आधी शोधायचे

फ्रीजची तक्रार सांगताना बहुतेक ग्राहक एकच वाक्य बोलतात : वर बर्फ होतो, पण खालचा कप्पा गार होत नाही. आमच्या छोट्या दुरुस्ती व्यवसायाची पद्धत जी काही घडली, ती या एका वाक्याचे खरे उत्तर शोधताना घडली, म्हणून आमच्या वाटचालीची हकिकतही त्याच तक्रारीपासून सांगणे योग्य ठरेल.

आम्ही सुरुवात केली ती साध्या, डायरेक्ट कूल फ्रीजच्या कामाने. त्यात गारवा पसरवायला पंखा नसतो. थंड हवा जड असल्यामुळे आपोआप खाली उतरते आणि साचलेला बर्फ घरच्यांनाच बटण दाबून वितळवावा लागतो. पुढे फ्रॉस्ट-फ्री फ्रीज येऊ लागले आणि आमचे जुने आडाखे अपुरे पडले. या फ्रीजमध्ये गारवा तयार होतो तो फ्रीझरच्या मागच्या आवरणाआड असलेल्या कॉइलवर, आणि ती थंड हवा दोन्ही कप्प्यांत खेळवण्याचे काम तिथलाच एक लहानसा पंखा करतो. तो थांबला की कॉम्प्रेसर चालूच राहतो, कॉइल गारच राहते, फ्रीझरमध्येही बऱ्यापैकी थंडी टिकते. मात्र 3 ते 4 अंशांवर असायला हवा असा खालचा कप्पा हळूहळू खोलीच्या तापमानाकडे सरकू लागतो.

या लक्षणाचा सर्वांत सोपा आणि सर्वांत चुकीचा अर्थ म्हणजे ‘गॅस गेला’. पंखा थांबलेला असताना किंवा कॉइल बर्फाने बुजलेली असताना ग्राहकाकडून गॅस भरण्याचे पैसे घेणे हा मी आमच्या धंद्यातला मोठा अन्याय मानतो, कारण गॅस कमी आहे की नाही हे कॉइल स्वतःच दाखवते. गॅस गळला असेल तर कॉइलच्या सुरुवातीच्या भागावरच दव गोठलेले दिसते आणि उरलेली कॉइल कोरडी राहते. उलट कॉइल वरपासून खालपर्यंत पांढरी झाली असेल, तर गॅस आपले काम करतो आहे आणि दोष हवेच्या वाटेवर किंवा बर्फ वितळवण्याच्या यंत्रणेत आहे. हे पाहायला आवरणाचे चार-सहा स्क्रू काढावे लागतात, एवढेच.

आमची पद्धत बदलली ती एका फ्रीजमुळे. आवरण काढले तेव्हा पंख्याची पाती बर्फात रुतलेली होती आणि एका पात्याचे टोक मोडले होते. आम्ही बर्फ वितळवला, मोटर व पाते नवे बसवले, पंखा सुरळीत फिरू लागला आणि आम्ही समाधानाने फ्रीज परत दिला. तीन आठवड्यांत तीच तक्रार पुन्हा आली. ग्राहक वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त विचारले, “पंखा तर नवा आहे ना, मग आता काय थांबलंय?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्या दिवशी मी पंख्याकडे न पाहता बर्फाकडे पाहिले. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये ठरावीक काळाने कॉम्प्रेसर थांबतो आणि कॉइलखालचा हीटर चालू होऊन साठलेले दव वितळवतो. हीटर तपासला, तो चांगला होता. त्याच्या वाटेतला थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापल्यावर वीज तोडणारा सुरक्षा-दुवा, मात्र उडालेला होता, म्हणजे हीटरपर्यंत वीज पोहोचतच नव्हती. फ्यूज बदलून काम संपवणे सोपे होते, पण फ्यूज उगाच उडत नाही, म्हणून बायमेटल, म्हणजे तापमानानुसार हीटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, काढून मल्टिमीटरला (वीज तपासण्याच्या मीटरला) लावला. बायमेटलचा संपर्क थंडीत जुळतो आणि कॉइल पुरेशी तापली की सुटतो. खोलीच्या तापमानाला तो सुटलेला दिसायला हवा होता. आमच्या हातातल्या बायमेटलचा संपर्क चिकटून जुळलेलाच राहिला होता. त्यामुळे हीटर गरजेपेक्षा जास्त तापला, फ्यूज उडाला, दव वितळेनासे झाले, बर्फ वाढत पंख्यापर्यंत आला आणि पंखा अडकला. आम्ही बदलला होता तो या साखळीतला शेवटचा दुवा. फ्यूज आणि बायमेटल दोन्ही नवे बसवले, दुसऱ्या फेरीचे पैसे घेतले नाहीत आणि पहिल्या फेरीत आकारलेली मजुरीही परत केली.

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक फ्रीजचा एक कागद असतो आणि त्यावर पहिली ओळ असते : पंखा का थांबला? या ओळीसमोर कारण लिहिल्याशिवाय कोणताही कारागीर नवी मोटर मागत नाही. फ्यूज वगळून तारा थेट जोडण्यावर आमच्याकडे पूर्ण बंदी आहे, कारण प्लॅस्टिकच्या आवरणाआड बेलगाम तापणारा हीटर आगीला आमंत्रण देतो.

कागद भरू लागल्यावर किरकोळ वाटणारी कारणे किती वेळा येतात हेही कळले. दार उघडले की पंखा थांबावा म्हणून बऱ्याच फ्रीजमध्ये दाराजवळ एक स्विच असतो. तो अडकला तर दार बंद असूनही पंखा थांबलेलाच राहतो. म्हणून आवरण उघडण्याआधी दार उघडे ठेवून तो स्विच बोटाने दाबायचा आणि कान देऊन ऐकायचे, ही आमच्याकडची पहिली चाचणी आहे. डिफ्रॉस्ट, म्हणजे हीटरने दव वितळवणे, चालू असताना आणि त्यानंतर कॉइल पुन्हा गार होईपर्यंत पंखा मुद्दाम थांबवलेला असतो, त्यामुळे अर्धा तास वाट पाहण्याआधी निष्कर्ष काढायचा नाही. दाराचे रबर सैल असेल तर बाहेरची दमट हवा आत येऊन दव वाढते, आणि पाणी वाहून जाण्याचे छिद्र तुंबले तर तेच पाणी कॉइलखाली गोठते. कॉम्प्रेसरजवळच्या, खालच्या पंख्याचा दोष वेगळा ओळखू येतो : तो थांबला तर दोन्ही कप्प्यांचा गारवा उतरतो.

इन्व्हर्टर फ्रीज, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग बदलणारे फ्रीज, आल्यावर आम्हाला पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. पंख्यांच्या जुन्या मोटारी मुख्य विजेवर चालत आणि त्यांच्या गुंडाळीची कंटिन्युइटी, म्हणजे तार अखंड आहे की तुटली, हे मल्टिमीटरवर सरळ कळे. नव्या ब्रशलेस मोटारी बहुधा 12 व्होल्ट डीसीवर चालतात आणि त्यांच्या पोटातच इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. जुन्या सवयीने तारांवर मीटर लावून आम्ही काही चांगल्या मोटारी नादुरुस्त ठरवल्या, याची मला आजही खंत वाटते. आता अशी मोटर काढून वेगळ्या 12 व्होल्टच्या पुरवठ्यावर फिरवून पाहतो. पीसीबीच्या, म्हणजे फ्रीजचे नियंत्रण करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीच्या, बाबतीतही असाच चकवा आहे. अनेक फ्रीजमध्ये पंखा फिरतो आहे की नाही याचा संकेत एका तारेतून पीसीबीकडे जातो, आणि तो मिळाला नाही तर पीसीबी थोडे प्रयत्न करून पुरवठा थांबवतो. उशिरा मोजणाऱ्याला शून्य व्होल्ट दिसतात आणि तो महागडा पीसीबी बदलतो. आम्ही फ्रीज चालू केल्या केल्या, पहिल्या काही क्षणांतच मोजमाप घेतो. प्लग काढल्यावरही पीसीबीवरच्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते, म्हणून त्यातील व्होल्टेज उतरल्याची मीटरवर खात्री केल्याशिवाय हात घालायचा नाही, हे नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवले जाते.

बर्फ काढण्याची आमची रीतही बदलली. आज अनेक फ्रीजमध्ये आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो. सुरी किंवा स्क्रूड्रायव्हरने बर्फ टोकरताना ॲल्युमिनियमच्या कॉइलला भोक पडले तर फ्रीज कामातून जातोच, शिवाय जवळ ज्योत किंवा ठिणगी असेल तर जिवावर बेतते. घाई नसेल तर प्लग काढून, दारे उघडी ठेवून फ्रीजला दिवसभर तसाच राहू द्यायचे; घाई असेल तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कपडा ठेवायचा.

दुरुस्ती झाली की खालच्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवतो, कारण दार उघडताच हवेचे तापमान बदलते, पाण्याचे लगेच बदलत नाही. 24 तासांनी कारागीर तो पेला ग्राहकासमोर बाहेर काढतो, आकडा दोघे मिळून वाचतात आणि तो कागदाच्या शेवटच्या ओळीत, पहिल्या ओळीतल्या कारणाखाली, लिहिला जातो.